सात वर्षे, आठ महिने

आमच्या गाडीचा नंबर बदलला. 'एमएच-०९' जाऊन 'केए-२२' आले. फोटो पाहून निम्म्या नातेवाइकांनी "नवी गाडी घेतलीस की काय?" असे विचारले. नाही हो, गाडी तीच, ह्यांनी २०१८ साली घेतलेली. डाव्या दारावरचा ओरखडासुद्धा तोच आहे. बदललो आहोत ते आम्ही. ह्यांच्यामागे मी कोल्हापूरचे घर आवरले आणि बेळगावला टिळकवाडीत धाकट्या बहिणीकडे राहायला आले, हे तुम्हा बहुतेकांना माहीत आहेच. दोघी एकट्या राहण्यापेक्षा एकत्र बरे. माणसाने गाव बदलले की गाडीनेही बदलावे असा कायदा आहे. तो मी पाळला, इतकेच.

पण आमच्या चुलतभावाला, अण्णाला, ते रुचले नाही. "आक्का, तो नंबर काढू नकोस गे," असे तो मला तीनदा सांगून गेला. "आमच्या दारात उभा असतोय तेवढाच महाराष्ट्र." तो थट्टेने म्हणाला नाही. बेळगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. मी त्याला तेव्हा काहीच उत्तर दिले नाही. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे असा प्रश्न पडला की मी आधी सनावळ्या काढून बसते. त्या काढता काढता जे हाती लागले ते इथे लिहिते आहे.

पुण्याच्या भाच्याने विचारलेला प्रश्नही ह्याच जातीचा होता: "मावशी, लायसन्स जर सगळ्या भारतात चालतं, तर गाडीनं काय पाप केलंय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. माझे लायसन्स कोल्हापूरचे. बेळगावात ते पहिल्या दिवसापासून चालले, आणि मुदत संपेपर्यंत चाललेच असते. (मुदतीचे म्हणाल तर आता पंचावन्नच्या पुढच्यांना एकेका वेळी पाचच वर्षे मिळतात, तीही डॉक्टरच्या दाखल्यावर. माझे ह्याच वर्षी संपत होते, म्हणून नूतनीकरण आणि पत्त्याचा बदल एकाच हेलपाट्यात उरकला.) गाडीची नोंदणीही कायद्याने सगळ्या भारतात ग्राह्य आहे. तरी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो. हे बारा महिने आले कुठून?

आपल्याकडे मोटारी आल्या एकोणिसावे शतक संपता संपता. सुरुवातीला प्रांतोप्रांती वेगळे कायदे झाले आणि १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक मोटार कायदा आला. आता ह्यातला 'ब्रिटिश' हा शब्द महत्त्वाचा. संस्थानांत तो कायदा आपोआप लागू होत नसे, त्यांचा कारभार त्यांच्यापाशी. म्हणजे कोल्हापूर दरबारच्या मुलखातून निघून कागल ओलांडून निपाणीला पोचलेली मोटार एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत शिरत असे. कागल कोल्हापूर संस्थानातली जहागीर, शाहू महाराजांचे जन्मघराणे तिथलेच. निपाणी मात्र बेळगाव जिल्ह्यातली, म्हणजे मुंबई इलाख्यातली, साहेबाची.

मोटारी वाढल्या तसे रस्ते पुरेनात. बैलगाडीसाठी केलेल्या खडीच्या रस्त्यांची मोटारीच्या चाकांनी दैना केली. मग १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले बॅ. मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्याचा पैसा आणायचा कुठून, हा समितीपुढचा खरा प्रश्न होता. जो रस्ता वापरतो त्याने पैसे द्यावेत, हे तिच्या उत्तराचे सार. त्यातूनच पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. मोटारीवरचा कर मात्र प्रांतांकडे राहिला. हे बी इथे पडले. रस्ता प्रांताचा, खर्च प्रांताचा, म्हणून गाडीचा करही प्रांताचा.

त्यानंतर आला १९३९ चा मोटार वाहन कायदा. मोटारींनी रेल्वेची गिऱ्हाइके पळवली म्हणून सरकार धास्तावले होते, त्यामुळे ह्या कायद्यात लॉऱ्या-बसगाड्यांच्या परवान्यांचा पसारा फार. पण त्यातच २९ वे कलम आहे. एका प्रांतात नोंदलेली मोटार दुसऱ्या प्रांतात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर मालकाने तिथला नवा नंबर मागावा. पुढे १९८८ मध्ये सबंध कायदा नव्याने लिहिला गेला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात २९ चे ४७ वे कलम झाले, 'प्रांत' तर आधीच जाऊन 'राज्य' आले होते, आणि बारा महिने बाराच राहिले. आज बंगळूरला नोकरीसाठी गेलेला आपला मुलगा ज्या नियमापायी वैतागतो तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा आहे. वर्षभरासाठी बदलीवर गेलेल्या साहेबाला त्रास नको, पण कायम राहणाऱ्याने तिथे कर भरावा, असा त्यामागचा हिशेब असावा असे मला वाटते.

राज्यघटनेने हाच घाट कायम ठेवला. सातव्या अनुसूचीत मोटारी हा विषय समवर्ती सूचीत आहे (३५ वी नोंद), म्हणजे नियम केंद्राने करावेत. आणि वाहनांवरचा कर राज्यसूचीत (५७ वी नोंद). भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे. लायसन्स म्हणजे माणसाला गाडी चालवता येते ह्याचा दाखला, त्यावर राज्याला फीपलीकडे मिळण्यासारखे काही नाही. आणि माणसाला तर १९ व्या कलमाने देशभर फिरायचा, कुठेही वस्ती करायचा हक्कच दिला आहे. गाडी ही मालमत्ता. ती जिथे उभी राहील तिथल्या राज्याला तिच्याकडून पैसे हवे असतात. नंबर हे निमित्त.

ह्यावरून भांडण झाल्याशिवाय राहते का? तेव्हा अजमेर हे चिमुकले स्वतंत्र राज्य होते, चहूबाजूंनी राजस्थानने वेढलेले. तिथल्या बसमालकांना वाटेत राजस्थानचा लहानसा तुकडा ओलांडावा लागे आणि तेवढ्यासाठी राजस्थान त्यांच्याकडे कर मागे. मालक म्हणाले, घटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त आहे, मग हा नाका कसला? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला: रस्त्याच्या वापराचा मोबदला म्हणून घेतलेला कर हा मुक्त व्यापारातला अडथळा नव्हे. गंमत अशी की भांडण चालू असताना १९५६ मध्ये अजमेर हे राज्यच राजस्थानात विलीन झाले होते. सीमा गेली, दावा राहिला. (निकालाच्या विरुद्ध मत देणाऱ्या तिघांत न्या. जनार्दन मुधोळकर होते, १९१२ चे काँग्रेस अध्यक्ष अमरावतीचे रघुनाथराव मुधोळकर ह्यांचे चिरंजीव.) 'मोबदल्याची' ही कसोटी पुढे चौपन्न वर्षे चालली. २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ती बाजूला ठेवली आणि भेदभाव नसेल तर राज्याने कर घ्यायला हरकत नाही असे सांगितले. म्हणजे मालकाच्या खिशाला फरक शून्य.

आता १९५६ चा उल्लेख आलाच आहे तर आमच्या घरातले सांगते. मी तेव्हा पहिलीत होते. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आमचे मामा एस.टी.त ड्रायव्हर. आदल्या रात्री मुंबई राज्याच्या गाडीचे चाक हातात घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी म्हैसूर राज्याचा नोकर. घर तेच, डेपो तोच, गाडीसुद्धा तीच, कारण इकडच्या गाड्याही नव्या राज्याकडे गेल्या. मामा पुढे कित्येक वर्षे सांगत, "आम्ही जागचे हललो न्हाई, राज्यच आमच्या अंगावरनं गेलं." वडील हे वाक्य ऐकून कधी हसत नसत. सीमाप्रश्नाचे पुढे काय झाले ते इथे उगाळत नाही. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो दावा अजून चालू आहे.

सनावळ्या मांडताना मला एक गोष्ट दिसली. खरे सांगते, इतकी वर्षे इतिहास शिकवूनही ती कधी अशी समोर आली नव्हती. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी. बेळगाव मुंबई राज्यातून गेले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. मधले अंतर सात वर्षे आठ महिने. मोटारी आल्यापासून आजपर्यंतच्या सव्वाशे वर्षांत कोल्हापूर-बेळगाव हा सुमारे एकशेदहा किलोमीटरचा रस्ता एकाच राज्यात होता तो एवढाच काळ! त्याआधी संस्थान आणि इलाखा, त्यानंतर महाराष्ट्र आणि म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक. माझा जन्म ह्याच सात वर्षांतला. आईचे माहेर गडहिंग्लजकडचे, तिकडे जायला-यायला तेव्हा कुठली हद्द नव्हती. आम्ही ज्याला 'पहिल्यापासून एक' म्हणत आलो, ते गाडीच्या कागदापुरते तरी पावणेआठ वर्षांचे होते.

अण्णाला मी हे कागदावर मांडून दाखवले. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आक्का, गाडीचं सोड. माणसं येत-जात होतीच की." हे मला शंभर टक्के मान्य आहे. सोयरिकी, बाजार, नाटकमंडळ्या, जोतिबाची यात्रा, ह्यांनी कधी कुणाचा नंबर बघितला नाही. पण मग त्यासाठी पत्र्याच्या पाटीची राखण कशाला करायची, हे माझे म्हणणे. नंबर एवढेच सांगतो की ह्या गाडीचा कर कुठल्या खजिन्यात गेला. मी रोज चालवते ती टिळकवाडीच्या रस्त्यांवर, खड्डे चुकवते ते इथले. घरात मराठी बोलते, वाचनालयातून मराठी पुस्तके आणते, हा ब्लॉग मराठीत लिहिते. त्याला परिवहन खात्याचा दाखला लागत नाही.

पाट्यांचाही इतिहास आहे. १९८९ च्या कायद्याआधी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असत. मुंबईच्या गाड्यांवर बी ने सुरू होणारी अक्षरे, म्हैसूरच्या गाड्यांवर 'एमवाय', गोव्याच्या गाड्यांवर 'जीडी', गोवा-दमणची. मग राज्याची दोन अक्षरे आणि कार्यालयाचा क्रमांक अशी पद्धत आली. तेव्हापासून मुलांना प्रवासात नवा खेळ मिळाला: १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, ओळीने पाठ. आमच्या शाळेची सहल निघाली की मागच्या बाकावरून हाच ओरडा. शिवाय आपल्या लोकांची हौस, आकडे देवनागरीत रंगवून घ्यायचे, २१४ चा 'राम' करायचा, ४१४१ चा 'दादा'. नियमाप्रमाणे अक्षरे आणि आकडे इंग्रजीच हवेत, पण पेंटरला नियम सांगणार कोण! १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना अशोकचक्राचा होलोग्राम असलेली, ठोकून बसवलेली सरकारी पाटी सक्तीची झाली आणि ही कला संपत आली. राज्ये मोडली-घडली की पाट्याही बदलतात. तेलंगण २०१४ मध्ये झाले तेव्हा 'टीएस' आले, २०२४ मध्ये सरकार बदलल्यावर त्याचे 'टीजी' झाले.

करातल्या तफावतीमुळे काय काय होते पाहा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल मोटारीला एकरकमी कर साधारण अकरा टक्के, कर्नाटकात किमतीप्रमाणे तेरापासून अठरापर्यंत. पुदुच्चेरीत त्याहून बराच कमी. म्हणून २०१७ मध्ये केरळात मोठा गाजावाजा झाला, कोट्यवधींच्या गाड्या पुदुच्चेरीच्या पत्त्यावर नोंदवून केरळात फिरवल्याच्या तक्रारी झाल्या. कर्नाटकाने तर २०१४ मध्ये आपल्या कर-कायद्यात बदल करून परराज्यातली गाडी तीस दिवसांवर राहिली की आजीवन कर मागायला सुरुवात केली. वर्षभराची मुदत महिन्यावर आली. बंगळुरातले परप्रांतीय नोकरदार न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. बारा महिने पुन्हा बारा झाले. १९३९ च्या त्या कलमात दम होता म्हणायचा :-)

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने 'बीएच' म्हणजे भारत मालिका जाहीर केली, सप्टेंबरपासून ती सुरू झाली. आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग क्रमांक. गाडी कुठल्याही राज्यात न्या, नंबर तोच. ह्यातली युक्ती लक्षात घ्या: पंधरा वर्षांचा कर एकदम न घेता दोन-दोन वर्षांचा घेतात, म्हणजे पुढचा हप्ता पुढच्या राज्याला मिळतो. कराचे कोडे सुटताच नंबराचा प्रश्न उरलाच नाही, तेव्हा अडचण मुळात कशाची होती हे उघड आहे. फक्त ही सोय सरकारी नोकर, लष्करातले लोक, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर ह्यांनाच. निवृत्त शिक्षिकेला ती नाही. म्हातारपणी लेकाकडे, लेकीकडे, बहिणीकडे गाव बदलणारे आमच्यासारखे थोडे का आहेत? पण ते कुणाच्या ध्यानात आले नसावे.

माझे काम कसे झाले ते थोडक्यात सांगते, कारण दोन भाच्या ह्याच वाटेने जाणार आहेत. निघण्यापूर्वी जुन्या कार्यालयातून ना-हरकत दाखला घ्यायचा, तो २८ नंबरचा फॉर्म. त्यावर चॅसिस नंबराचा ठसा लागतो, कागद ठेवून वरून पेन्सिल घासून काढतात, लहानपणी आपण नाण्याचा काढायचो तसाच. दंड थकले असतील तर ते आधी भरायचे. कर्ज असेल तर बँकेचे पत्र. मग नव्या गावी २७ नंबरचा फॉर्म, विमा, पीयूसी, राहत्या पत्त्याचा पुरावा, गाडीची तपासणी आणि कर. जुन्या गाडीला कर तिच्या वयाप्रमाणे कमी होत जातो. नोंदणीची पंधरा वर्षे मात्र पहिल्या दिवसापासूनच मोजतात, नवा नंबर मिळाला म्हणून गाडी तरुण होत नाही. नंतर विमा कंपनीला आणि फास्टॅगवाल्यांना नवा नंबर कळवायला विसरू नका, नाहीतर कोगनोळीच्या नाक्यावर खोळंबा.

महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या वर्षांपुरता परतावा मागता येतो. बरेच लोक तो मागतच नाहीत. मी नव्या नोंदणीची प्रत जोडून अर्ज केला आहे. जुनी पाटी अण्णाने मागून नेली. परवा त्याच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा पाहिले, परसात तुळशीमागच्या भिंतीला त्याने ती दोन खिळ्यांवर टांगली आहे. त्याच्या नातवाने खडूने खाली 'आक्काआजी' असे लिहिले आहे, मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.